क्षमा कोणी कोणाला करावयाची?

भीमेकाठच्या एका गावाहून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. गृहस्थ धंद्याने सुतार, धर्माने ख्रिस्ती. पत्र चांगले चार पानी आहे, सबब त्यातला मतलब तेवढा येथे देतो. थोरल्या मुलीच्या लग्नात यांना पैशाची नड पडली. बँकेने दाद दिली नाही, म्हणून गावातल्याच एका बिनपरवान्याच्या सावकाराकडून रक्कम उचलली. तारण म्हणून सव्वा एकर जमीन लिहून दिली. परंतु कागद झाला तो गहाणाचा नव्हे, खरेदीखताचा. पैसे फिटले की जमीन उलटून देतो, हा नुसता विश्वासाचा कागद आहे, असा तोंडचा शब्द. मुद्दल फिटले, व्याज फिटले, व्याजावरचे व्याज फिटले. जमीन काही उलटली नाही. सुतारांनी चार माणसांत विषय काढला तेव्हा सावकार हसून म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या येशूने काय सांगितलंय? शत्रूवर प्रेम करा म्हणूनच ना? मग करा की. द्या सोडून!" चार माणसेही हसली. पुढल्या रविवारी उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांपाशी गाऱ्हाणे घातले, तर ते म्हणाले की मनात कडूपणा ठेवू नका, क्षमा करा, देव बघून घेईल.

आता मिस्त्री आम्हांला विचारतात, शत्रूवर प्रीती करणे म्हणजे सव्वा एकर सोडणे काय? आणि सोडले नाही तर मी ख्रिस्ती उरतो की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही लागलीच देतो. नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हे, कारण आम्ही ख्रिस्ती नाही. परंतु ग्रंथ वाचावयाला जसे जानवे लागत नाही, तसा बाप्तिस्माही लागत नाही. नवा करार मराठीत १८११ सालापासून छापलेला आहे. ज्याला अक्षर येते त्याने तो उघडून पाहावा. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, त्यांनी येशूला आपल्या बळीराजाच्या पंगतीला बसविले, पण म्हणून ते काही पाद्र्यांच्या पंगतीला जाऊन बसले नाहीत. पोथी कोणाचीही असो, ती मधल्या माणसाच्या तोंडून ऐकावयाची नाही, स्वतः वाचावयाची, हाच तर सत्यशोधकांचा पहिला धडा. तोच धडा घेऊन आम्ही ते पुस्तक उघडले.

आणि काय दिसले? ज्या डोंगरावरच्या उपदेशातून सावकाराने आपला टोमणा काढला, त्यात येशू दाखले देतो ते कोणाचे? राजाचे नव्हेत, पुरोहिताचे नव्हेत. कोणी उजव्या गालावर मारले, कोणी अंगरख्यासाठी फिर्याद केली, कोणी एक कोस वेठीला धरले! थप्पड, फिर्याद आणि वेठ. वाचकहो, ही आपल्याच घरची यादी आहे. समोर बसलेले लोक कोळी, शेतमजूर, कर्जदार होते. आणि बोलणारा स्वतः सुताराच्या घरचा. रोमन शिपाई वाटेने जाणाऱ्या कोणालाही ओझे उचलावयास लावीत. पुढे येशूचा क्रूस वाहण्यासाठी शिपायांनी जो शिमोन नावाचा माणूस धरला, तोही बिचारा रानातून घरी येत होता. जिच्यावर आपल्या आज्यापणज्यांची हाडे झिजली, तीच ही वेठ.

आता उजवा गालच का? उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारावयाचे तर हाताची पाठच लागते. उलट्या हाताची ती थप्पड मालक चाकराला मारतो, बरोबरीचा बरोबरीच्याला नव्हे. डावा गाल पुढे केला की मालकाची पंचाईत होते. एकतर त्याने सरळ हाताने, म्हणजे बरोबरीच्या नात्याने मारावे, नाहीतर हात खाली घ्यावा. तसेच अंगरख्याचे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्य मावळण्याआधी परत करावे, कारण बिचारा त्यातच निजतो, असा यहुद्यांचा जुना कायदा होता. सावकार कचेरीत अंगरखा मागतो, तर पांघरूणही त्याच्या अंगावर टाक आणि उघडा उभा राहा. लाज कोणाची गेली ते लोक पाहतील. हा अर्थ वॉल्टर विंक नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने मांडला. सगळ्या पंडितांना तो पटतो असे नाही, आणि आम्हीही त्यावर पैज लावीत नाही. परंतु ज्याला हा अर्थ नको असेल त्याने योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचावा. प्रमुख याजकाच्या पुढे येशूला उभे केले असता एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. तेव्हा येशूने मुकाट्याने दुसरा गाल पुढे केला काय? नाही. मी खोटे बोललो असेन तर ते दाखव, आणि खरे बोललो असेन तर मला का मारतोस, असा त्याने जाब विचारला. हात बांधलेले असताना विचारला! शत्रूवर प्रीती करा म्हणणारा माणूस जाब विचारतो, आणि ज्याने जमीन गिळली तो सावकार म्हणतो, जाब विचारू नका.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात आमच्या नजरेस आली. येशू क्रूसावर चढविला गेला तेव्हा त्याने खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. खिळे त्याच्या स्वतःच्या हातात होते. परंतु लांबलचक प्रार्थना म्हणून विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलताना त्याची जीभ काय चालते ते पाहा! तेथे क्षमेचा शब्द नाही. मंदिरातल्या सराफांचे चौरंग त्याने उलथून टाकले, तेथेही नाही. कारण उघड आहे. स्वतःच्या जखमेचा मालक तो स्वतः होता. विधवेच्या घराचा मालक तो नव्हता.

हे इतके साधे आहे की आमच्या लोकांना ते तुकोबांच्या कथेतून केव्हाच ठाऊक आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने लोक नागवले गेल्यावर त्यांनी घरातली खते काढली आणि इंद्रायणीत बुडविली. पण सगळी नव्हेत! निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. भावाच्या वाट्याचे कर्ज माफ करण्याचा हक्क आपला नाही, एवढे त्या संताला कळत होते. दुसऱ्याच्या वाट्याची खते बुडवून संत म्हणून मिरविणारे पुढे पुष्कळ निघाले.

असे एक मोठे बुडवणे अमेरिकेत झाले, आणि त्याची हकीकत आम्हांला येथे सविस्तर सांगावयाची आहे. जोतीरावांनी १८७३ साली आपली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना गुलामांची सुटका केल्याबद्दल अर्पण केली, त्यांच्याच देशातली ही गोष्ट. अर्पण केले ते योग्यच केले. परंतु सुटका झाल्यावर त्या सुटलेल्या कुळांचे काय झाले, हे आपल्या लोकांना फारसे कोणी सांगितलेले नाही.

गुलामांना ख्रिस्ती धर्म सांगताना मालक लोक काय सांगत, ते आधी पाहू. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरच्या हबशी गुलामांसाठी म्हणून एक खास बायबल छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळलेला! मोशेने आपल्या लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढले, ती सगळी हकीकत गायब. दासांनी धन्याचे ऐकावे, हे वाक्य मात्र जागच्या जागी. आमच्याकडे शूद्राला वेद ऐकू देत नव्हते. तिकडे ऐकू देत, पण कात्री लावून. कोणती तऱ्हा बरी, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढे त्या देशात उत्तर आणि दक्षिण यांची लढाई झाली. लढाई संपत आली असता, १६ जानेवारी १८६५ रोजी, जनरल शर्मन याने हुकूम काढला की दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लॉरिडा यांच्या किनाऱ्यालगतची मालकांनी सोडून दिलेली जमीन सुटलेल्या गुलामांना दर कुटुंबी चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी. सुमारे चाळीस हजार माणसे त्या जमिनीवर बसली. कापूस पेरला, मका पेरला. ज्या मातीत बापजाद्यांनी फुकट घाम गाळला, तीच माती आपली म्हणून पहिल्यांदा नांगरली. त्या पहिल्या तासाचे सुख कोणाला समजावून सांगावे लागत असेल, तर तो शेतकऱ्याच्या घरचा नव्हे.

एप्रिलात अध्यक्ष लिंकन यांचा खून झाला. त्यांच्या जागी जॉन्सन आले. आणि २९ मे १८६५ रोजी या जॉन्सनसाहेबांनी क्षमा केली! कोणाला? बंड करून लढलेल्या दक्षिणेकडच्या लोकांना. राजनिष्ठेची शपथ घ्या, झाले गेले विसरू, तुमची मालमत्ता तुम्हांला परत. बड्या जमीनदारांना वेगळा अर्ज करावा लागे, तेवढाच काय तो फरक. अर्ज धडाधड मंजूर झाले. मालमत्ता परत म्हणजे काय, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. जिच्यावर चाळीस हजार माणसे पेरून बसली होती, तीच ती जमीन.

आता हे त्या माणसांना सांगणार कोण? कामगिरी जनरल हॉवर्ड यांच्यावर आली. हॉवर्ड वाईट माणूस नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मोठा देवभोळा, लोक त्याला ख्रिस्ती सेनापती म्हणत. गुलामगिरी मोडण्याच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. सुटलेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी त्याने पुष्कळ केले. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ त्याच्याच नावाचे. असा हा भला गृहस्थ १८६५ च्या ऑक्टोबरात दक्षिण कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावर गेला. देवळात लोक दाटीवाटीने जमले. जमीन मालकांकडे परत जाणार, हे सांगताना त्याला शब्द सुचेनात. मग त्याने लोकांना समजावले की जुन्या धन्यांविषयीचा कडूपणा सोडा, त्यांच्याशी समेट करा, त्यांच्या हाताखाली मजुरीचे करार करा.

कडूपणा सोडा! भीमेकाठच्या पाळकसाहेबांचा शब्द आणि एडिस्टोच्या सेनापतीचा शब्द एकच आहे. दोघेही भले, दोघेही मनापासून बोलणारे, आणि दोघांचीही सव्वा गुंठा जमीन जाणार नव्हती.

त्या बेटावरच्या लोकांनी तिघांची कमिटी नेमली आणि हॉवर्डला लेखी उत्तर धाडले. लिहिणे अडाणी हातचे, स्पेलिंग जागोजाग चुकलेले. परंतु क्षमेविषयी याहून खरे असे काही आमच्या वाचण्यात आलेले नाही. त्याचा आशय असा. आपण आम्हांला जमीनदारांना क्षमा करावयास सांगता. आपला लढाईत एक हात गेला, तेवढ्याबद्दल आपण त्यांना क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून झोडपले, आणि आजही जो मला त्याच्या रिकाम्या झोपडीत राहू देत नाही, त्याच्या शेतावर त्याच्या भावाने राबावे एवढ्याचसाठी इतरांशी संगनमत करून मला जमीन मिळू देत नाही, त्याला क्षमा करणे मला जड आहे.

बारकाईने पाहा, वाचकहो. फटके झाले ते झाले; त्यांचा हिशेब ती माणसे कदाचित देवावर सोडतीही. त्यांची खरी तक्रार आजची आहे. आजही जमीन अडवून धरतो. गळ्यावरचा हात अजून गळ्यावरच आहे, आणि गळा ज्याचा त्याला सांगतात की हाताला माफ कर! ही माणसे सूडाचे एक अक्षर लिहीत नाहीत. मालकाची घरे जाळू म्हणत नाहीत. आम्हांला आमच्या घामाची जमीन राहू द्या, म्हणजे आम्ही त्याच्या दारात जाणार नाही, एवढेच त्यांचे मागणे. ते ऐकले गेले नाही. पुढल्या वर्षी ज्यांनी मजुरीचा करार केला नाही त्यांना जमिनीवरून उठविले. जॉन्सनसाहेबांची क्षमा पुरी झाली, आणि तिची किंमत ज्यांना कोणी विचारले नाही त्यांनी चुकविली.

कोणी म्हणेल, मग तुमच्या मते क्षमा हे थोतांडच! शत्रूवर प्रीती हा दुबळ्यांना झोपविण्याचा अफूचा काढा! आमच्यातले काही तरुण असे बोलतात, आणि बोलून झाल्यावर आपण फार जहाल झालो असे त्यांना वाटते. त्यांना आम्ही त्याच देशातला दुसरा माणूस दाखवितो.

फ्रेडरिक डग्लस हा १८१८ साली मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. त्याचा धनी टॉमस ऑल्ड. १८३२ च्या ऑगस्टात हा ऑल्ड एका धार्मिक मेळाव्यात गेला आणि तेथे त्याचे अंतःकरण पालटले म्हणून गवगवा झाला. पोराला आशा वाटली की धनी आता गुलाम सोडील, निदान पोटभर खावयास तरी देईल. झाले उलटेच. पूर्वी ऑल्ड क्रूर होता. आता त्याला क्रूरपणाला वचनाचा आधार मिळाला. हेनी नावाची एक गुलाम पोरगी होती, लहानपणी हात भाजून निकामी झालेली. तिला तो बांधून चाबकाने फोडी आणि फोडता फोडता शास्त्रवचन म्हणे. डग्लसने रविवारी गुलामांच्या मुलांना अक्षरे शिकवावयाची शाळा घातली, ती याच ऑल्डने आणखी काही भाविकांना घेऊन उधळली. नंतर पोराची रग जिरविण्यासाठी त्याला कोव्ही नावाच्या माणसाकडे धाडले, ज्याचा धंदाच मुळी गुलामांना वठणीवर आणण्याचा. तेथे मार खाऊन खाऊन एक दिवस डग्लसने कोव्हीची मान धरली. जवळजवळ दोन तास झोंबाझोंबी चालली. त्याने कोव्हीला ठार केले नाही. मारू मात्र दिले नाही. पुन्हा कोव्हीने त्याच्या अंगाला हात लावला नाही.

३ सप्टेंबर १८३८ रोजी डग्लस पळाला. १८४५ साली त्याने आपली हकीकत छापली आणि धन्याचे नाव, गाव, करणी, सगळे उघड लिहिले. पुस्तकाच्या शेवटी त्याने स्पष्ट सांगितले की माझे वैर ख्रिस्ताच्या धर्माशी नाही, या देशातल्या चाबूकवाल्या धर्माशी आहे. पुढे पळाल्याला बरोबर दहा वर्षे झाली त्या तारखेला त्याने स्वतःच्या वर्तमानपत्रात ऑल्डला एक उघडे पत्र लिहिले. काय ते पत्र! मी गुंड घेऊन रात्री तुझ्या घरात शिरलो आणि तुझ्या लेकीला ओढून नेऊन गुलाम केले, तर तू मला काय म्हणशील, असे तो विचारतो. माझ्या बहिणी कोठे आहेत, ते विचारतो. माझ्या म्हाताऱ्या आजीला थकलेल्या घोड्यासारखे रानात मरावयास सोडलेस, असा आळ घालतो. आणि त्याच पत्राच्या शेवटी लिहितो की माझ्या मनात तुझ्याविषयी द्वेष नाही. माझ्या छपराखाली तू जितका सुरक्षित राहशील तितका दुसऱ्या कोठे राहणार नाहीस. मी तुझा मनुष्यबंधू आहे, गुलाम नाही.

वर्षभराने डग्लसला कळले की आजीबद्दलचा आळ बरोबर नव्हता. ऑल्डने म्हातारीला आपल्या घरी आणून ठेवले होते. तेव्हा त्याने काय करावे? गप्प बसता आले असते. शत्रूवर एक आळ जास्त गेला तर कोणाचे काय बिघडते! पण १८४९ साली त्याने त्याच वर्तमानपत्रात दुसरे पत्र छापून ती चूक कबूल केली. आम्हीही वर्तमानपत्र चालवितो. शत्रूविषयी छापलेले चुकीचे वाक्य मोठ्या अक्षरात दुरुस्त करणे किती जड जाते, ते आम्हांला ठाऊक आहे. शत्रूवर प्रीती म्हणजे गळ्यात गळा घालणे नव्हे. त्याच्याविषयीही खोटे न बोलणे ही तिची पहिली पायरी, आणि बहुतेक जण त्या पायरीवरच अडखळतात.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७७ च्या जूनमध्ये डग्लस सेंट मायकल्स गावी गेला. ऑल्ड ऐंशी ओलांडलेला, अंथरुणाला खिळलेला, हात कापत होते. त्याने बोलावणे धाडले. डग्लस तेव्हा वॉशिंग्टनला सरकारचा मोठा अंमलदार, मार्शल. आणि म्हाताऱ्याने त्याला तसेच 'मार्शल डग्लस' म्हणून हाक मारली. डग्लस म्हणाला, मार्शल नको, पूर्वीसारखे फ्रेडरिक म्हणा. दोघेही रडले. आजीविषयीच्या चुकीची डग्लसने समोरासमोर कबुली दिली. मी पळून गेलो तेव्हा तुम्हांला काय वाटले, असे विचारले. म्हातारा म्हणाला की तू गुलाम राहण्यातला नव्हतास हे मला ठाऊक होते. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. डग्लसने उत्तर दिले की मी तुमच्यापासून पळालो नाही, गुलामगिरीपासून पळालो.

ही भेट पुष्कळांना रुचली नाही. आम्हांला ती रुचते, आणि का ते सांगतो. तोपर्यंत हात गळ्यावरून निघाला होता. गुलामगिरीचा कागद फाटला होता. धन्याने धन्याचे आसन सोडले होते. तू केलेस ते बरोबर होते, असे त्याच्याच तोंडून निघाले होते. आणि ज्याच्या पाठीवर वळ होते तोच क्षमा करीत होता. कोणी भल्या माणसाने मध्ये पडून त्याच्या वतीने केली नव्हती.

हेच त्या १८७७ साली मोठ्या प्रमाणावर पाहा. एप्रिलात अध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतले सरकारी सैन्य मागे घेतले. उत्तर-दक्षिणेच्या गोऱ्यांचा समेट झाला, आणि काळ्या माणसाचे मत, त्याची जमीन, त्याचा जीव जुन्या मालकांच्या हवाली झाला. या समेटाला डग्लसने क्षमा म्हटले नाही. पुढल्याच वर्षी, १८७८ साली, सैनिकांच्या स्मरणदिनी तो भर सभेत बोलला की त्या लढाईत एक बाजू खरी होती आणि एक खोटी होती, हे विसरता येणार नाही. आपल्या धन्याचा हात हातात घेणारा तोच हा माणूस. स्वतःच्या वाट्याचे खत त्याने बुडविले. लाखो भावांच्या वाट्याच्या खतांना हात लावला नाही. देहूचा वाणी आणि मेरीलँडचा गुलाम येथे एका ओळीत बसतात. (त्याच १८७७ च्या जानेवारीत पुण्यास कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला. आमच्या वर्तमानपत्रांच्या घराण्याचा तो मूळ पुरुष, म्हणून आठवण करून दिली.)

आणि दोन वर्षे मागे, आपल्या भीमथडीत काय झाले? १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणबी जमले आणि सावकारांच्या घरात घुसले. सरकारी दफ्तरात त्याला दंगा म्हटले आहे. पण त्या लोकांना हवे होते काय? खते आणि हुकूमनामे. ती बाहेर काढून त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, आणि तरीही सावकाराच्या जिवावर उठल्याचे प्रकार फार थोडे. त्या अडाणी कुणब्यांना डोंगरावरचा उपदेश कोणी वाचून दाखविला नव्हता. तरी जाळावयाचा तो कागद, माणूस नव्हे, हा भेद त्यांना कळला. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रार्थनेचा जो मासला दिला आहे त्यात मागणे कर्जाच्याच भाषेत आहे, हे मिस्त्रींना आम्ही सांगावयास नको. आणि क्षमा किती वेळा करावी या प्रश्नावर येशूने जी गोष्ट सांगितली तीही सावकारीचीच. एका चाकराला राजाने दहा हजार तलांत सोडले. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी आपल्यासारख्याच दुसऱ्या चाकराची नरडी धरतो आणि त्याला तुरुंगात घालतो. सावकार मिस्त्रींना येशूचे नाव सांगतो, त्याने आधी या गोष्टीत आपण कोण आहोत ते पाहावे. नाहीतर जक्कयाची गोष्ट वाचावी. जक्कय हा जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवावयास गेला, लोकांनी नावे ठेवली तरी गेला. ही झाली शत्रूवरची प्रीती. आणि जक्कय उठून म्हणाला की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करतो. पाळकसाहेबांनी ही गोष्ट सावकाराच्या ओसरीवर जाऊन सांगावी, म्हणजे उपदेश योग्य पत्त्यावर पोचेल.

येथपर्यंत मिस्त्रींना आमचे लिहिणे गोड वाटले असेल. आता कडू घोट. पत्राच्या चौथ्या पानावर, जाता जाता, त्यांनी लिहिले आहे की धाकट्या भावाशी नऊ वर्षे बोलणे नाही. सामाईक भिंतीवरून वाद झाला, दावा अजून तालुक्याच्या कोर्टात आहे. वकिलाला, तारखांना, येण्याजाण्याला आजवर किती गेले ते त्यांनी लिहिले नाही, पण आम्ही अंदाज करू शकतो. मुलीच्या लग्नात पैशाची नड पडली ती कोठून, तेही कळते. भाऊ लग्नाला आला नव्हता.

ही एकट्या मिस्त्रींची कथा नाही. आमच्या शेतकऱ्याच्या घरी उलटा न्याय चालतो. ज्याने सव्वा एकर गिळली त्याच्यापुढे मान खाली. आणि नांगराचा फाळ बांधात हातभर घातला म्हणून सख्ख्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड. सावकाराला भिऊन सोडतो आणि त्या भिण्याला क्षमा हे नाव देतो. भावाला सोडता येईल, तेथे भीती नाही, नुकसान वीतभर, आणि तेथेच आमचा पीळ सुटत नाही. भिंतीचा दावा दोन पिढ्या चालवू. खरेदीखताचा अर्ज मात्र दोन दिवसांत मागे घेऊ. शत्रूवर प्रीती करा म्हणणाऱ्याने हेही म्हटले आहे की देवापुढे अर्पण ठेवताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच टाकून आधी भावाकडे जा. दर रविवारी उपासनेला जाणाऱ्या मिस्त्रींनी नऊ वर्षे ते अर्पण कसे ठेवले, हा प्रश्न आम्ही विचारला तर त्यांनी रागावू नये. त्यांनी आम्हांला विचारले, म्हणून आम्ही त्यांना विचारतो.

सबब मिस्त्री, तुम्ही असे करा. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. बेकायदा सावकारीतून गिळलेली जमीन, खरेदीखत झालेले असले तरी, चौकशीअंती ते खत रद्द ठरवून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार त्यात जिल्हा निबंधकाला दिला आहे. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असला पाहिजे, आणि तुमचा आहे. पैसे फेडल्याच्या जितक्या चिठ्ठ्या, बँकेच्या नोंदी, वहीतल्या खुणा असतील तितक्या गोळा करा. ज्या चार माणसांदेखत सावकार हसला, त्यांची नावे लिहून ठेवा. अर्जात त्याच्याविषयी घडले तेवढेच लिहा, एक शब्द वाढवू नका. तालुक्याला सहाय्यक निबंधकाच्या कचेरीत अर्ज देऊन पोच घ्या. वाटेत सावकार भेटला तर रामराम करा. त्याचे पोर आजारी पडले आणि गाडी तुमच्याच दारात असली, तर दवाखान्यात पोचवा. तारीख मात्र चुकवू नका.

आणि अर्ज घेऊन तालुक्याला जाण्याच्या आदल्या रात्री भावाच्या घरी जा. त्याला बरोबर चला म्हणा. भिंतीचा दावाही त्याच कचेऱ्यांच्या आवारात आहे. जाता जाता तो काढून घेता येईल.